काळ्या कोंबडीचा दोष कोणता?

बाहेरची बाधा उतरवायची म्हटलं की भगत बहुधा काळी कोंबडीच मागतो. धुळे-जळगावकडे हे नवं नाही, उरलेल्या महाराष्ट्रातही नाही. या मागणीमागे एक सिद्धान्त आहे: रंग ही जिवाच्या आतल्या स्वभावाची खूण आहे आणि अशुभ काळ्याकडेच ओढलं जातं. हा सिद्धान्त आपण माणसांनाही लावत आलो आहोत, म्हणून तो नीट तपासायला हवा.

काळ्या पिसांमागे अनेकदा एमसी1आर या जनुकातला एक छोटा बदल असतो. पण तो बदल असलेली कोंबडी काळी दिसेलच असं नाही. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये दुसरं एक प्रभावी जनुक काळं रंगद्रव्य पिसांत उतरूच देत नाही. काळेपणाचा वारसा आत तसाच राहतो. हे रोधक जनुक नर आणि मादी दोघांकडे एकेरीच असेल, तर त्या पांढऱ्या जोडप्याची साधारण चौथा हिस्सा पिल्लं रंगीत निघतात. सातपुड्यापलीकडच्या झाबुआचा कडकनाथ कातडीपासून हाडापर्यंत काळा असतो, कारण विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा कधीकाळी दुणावला आणि रंगपेशी वाढवणारं जनुक त्यात सापडलं. चीनकडच्या सिल्की कोंबडीतही नेमका हाच बदल आहे, मात्र तिची पिसं बहुधा पांढरीशुभ्र असतात. पिसं पाहून निवडणारा भगत तिला कोणत्या बाजूला बसवील?

यावर कर्मवादी म्हणेल की काळा देह मिळणं हेच पूर्वकर्माचं फळ. हा आक्षेप गंभीर आहे. बेटसन आणि पनेट यांनी 1911 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. सिल्की नर आणि तपकिरी लेगहॉर्न मादी यांच्या मादी पिल्लांची कातडी गडद निघाली, नरांची फिकी. जोडी उलटी लावली तेव्हा नर-मादी दोन्ही फिकी. कातडीतला रंग रोखणारं जनुक झेड गुणसूत्रावर असतं आणि मादीला ते गुणसूत्र एकट्या बापाकडून मिळतं, हे त्याचं कारण. म्हणजे खुराड्यात कोणता नर सोडायचा हे ठरवणाऱ्या माणसाने पिल्लांचं कर्मफळही ठरवलं, असं मानावं लागेल. त्यावरही कोणी म्हणेल की जीव आपल्या कर्माला साजेसा देह निवडतो, तो देह घडला कसाही असो. पण मग काळा देह वाईट कर्माला साजेसा, हे कशावरून? काळी कोंबडी बळी जाते म्हणून. आणि ती बळी का जाते? काळी म्हणून. हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो.

रंगाचा जगण्याशी काहीच संबंध नाही, असं मात्र मी म्हणत नाही. रानकोंबडा आणि पांढरी लेगहॉर्न यांच्या संकरावरचा एक अभ्यास 2004 साली ‘नेचर’मध्ये आला होता. त्यात रंगीत पिसांच्या पक्ष्यांना कळपातल्या इतरांच्या चोची अधिक बसल्या. तेव्हा रंगामुळे दुःख येतं, पण ते पाहणाऱ्याच्या चोचीतून येतं, रंगात आधीपासून साठलेलं नसतं. माझ्या मते साऱ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे.

उरला प्रतीकाचा मुद्दा. कोंबडी दोषी नाही, ती केवळ खूण आहे, असं समंजस श्रद्धाळू सांगतो. देवाला नवस फेडून सगळ्या भावकीने प्रसाद खाणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे जीव अर्पण होतो, त्याच्यावर दोष लादला जात नाही. उताऱ्यात लादला जातो. खानदेशात रुजलेल्या महानुभाव पंथाने अहिंसा हा आचारधर्म मानला, गाडगे महाराजांनी देवापुढच्या पशुहत्येविरुद्ध कीर्तनं केली. त्यांचा आधार दया हा होता. दयेची भाषा ज्याला पटत नाही त्यालाही न्यायाची पटावी: आपल्या घरातलं भय ज्या जिवावर टाकायचं त्याने ते ओढवलेलं नसेल, तर त्याला खूण म्हणून वापरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, याचं उत्तर कोंबडीच्या पिसांत सापडणार नाही. ते उतारा टाकणाऱ्यानेच द्यायला हवं.