कुणाकडे जायचंय?

लालबाग-परळच्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हा प्रश्न आठवत असेल. अनोळखी माणूस जिना चढून गॅलरीत आला की तांदूळ निवडत बसलेली एखादी मावशी विचारायची, "कुणाकडे जायचंय?" उत्तर पटलं नाही तर त्याला पुढं जाता येत नसे. बाप गिरणीत पाळीला, आई कामात. पोरं त्यांच्या नजरेआड असायची, पण चाळीच्या नजरेआड नसायची.

आता तो अनोळखी माणूस जिना चढतच नाही. मोबाईलमधून थेट पोराच्या पांघरुणात शिरतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयातल्या सायबर जनजागृतीच्या कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी स्वतःच्या घरातली गोष्ट सांगितली. त्यांची १३ वर्षांची मुलगी अनोळखी माणसाबरोबर ऑनलाइन गेम खेळत होती. आधी तो तिच्या खेळाचं कौतुक करत राहिला. मग विचारलं, मुलगा की मुलगी? उत्तर मिळाल्यावर त्यानं तिच्याकडे नग्न फोटो मागितले. मुलीनं खेळ बंद केला आणि उठून आईला सांगितलं.

या गोष्टीतलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ती आईला सांगू शकली. तुमच्या-माझ्या घरातलं लेकरू सांगेल का?

माझी चूक सांगतो. मी हरिपाठाला निघालो होतो. नातू म्हणाला, "आजोबा, एकजण सारखा मेसेज करतो." मी म्हणालो, "तरी सांगत होतो!" आणि मोबाईल काढून घेतला. तो पुन्हा त्याबद्दल बोलला नाही. मला वाटलं, संकट टळलं. फार उशिरा लक्षात आलं, की टळलं नव्हतं, फक्त माझ्यापर्यंत यायचं थांबलं होतं. असल्या माणसांची ठरलेली धमकी असते, "तुझ्या घरी सांगेन." त्या धमकीला धार आपणच लावून ठेवलेली असते.

पुरुषरूपातल्या देवाला विठाई म्हणणारे आपण. का म्हणतो? चिखलात पडून आलेल्या पोराला आई आधी उचलून घेते, कपडे नंतर धुते, म्हणूनच ना? वारीत पाच वर्षांच्या पोरालाही माउली म्हणून वाकतो. घरी आल्यावर त्याच माउलीवर डोळे वटारतो.

मग शिस्त नको का? हवी की. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचा पायंडा पाडला. चांगलंच केलं. पण साडेआठला मोबाईल पुन्हा सुरू होतो. त्या दीड तासात लेकराशी कोण काय बोललं, यावर पुढचं ठरतं. आणि गोष्ट हाताबाहेर गेलीच असेल तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे, सायबर गुन्ह्यासाठी १९३० आहे. आलेले मेसेज मात्र पुसू नका. पोलिसांना तेच लागतात.

मागच्या एकादशीला नातवाला जवळ बसवलं. म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं. कोण मेसेज करत होता रे?" बराच वेळ तो भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, मोबाईल काढून घेणार नाही ना?"