मांडव्याची अणी



भाविकहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला दिवस मावळताना आपण पाळणा हलवतो, सुंठवडा घेतो आणि घरी जातो. पाळण्यामागची कथा आपल्याला पाठ आहे. तीन देव भिक्षेकरी होऊन अत्रिऋषींच्या आश्रमात आले, अनसूयेपुढे अवघड अट घातली, आणि मातेने तीर्थ शिंपडून त्यांची बाळं केली. कीर्तनात हीच सांगतात, आणि ती गोडच आहे. पण मार्कंडेय पुराणात दत्तजन्माची आणखी एक कथा आहे. तिची सुरुवात सुळापाशी होते.

रात्रीची वेळ. कौशिक नावाच्या रोगजर्जर ब्राह्मणाला त्याची पत्नी खांद्यावर घेऊन चालली आहे. काळोखात त्याचा पाय एका माणसाला लागतो. तो माणूस सुळावर आहे. मांडव्य ऋषी! चोर समजून चढवलेले. कळवळून ते शाप देतात, ज्याचा धक्का लागला तो सूर्य उगवताच मरेल. ती पतिव्रता म्हणते, मग सूर्यच उगवणार नाही. आणि खरंच उगवला नाही. यज्ञयाग थांबले, जग थांबलं. देव धावले ते अनसूयामातेकडे. तिने त्या बाईची समजूत घातली, सूर्य उगवला, कौशिकही वाचला. देव म्हणाले, वर माग. तिने मागितलं, ब्रह्मा-विष्णु-महेश माझ्या पोटी यावेत.

म्हणजे बघा, एका निरपराध माणसावर चोरीचा आळ येतो आणि सगळ्या जगाचा उजेड अडतो.

मांडव्य सुळावर गेले कसे, ते महाभारतात आहे. ऋषींचं मौन होतं. चोरांनी ऐवज आश्रमात लपवला. राजाच्या शिपायांनी विचारलं, हे बोलले नाहीत. ऐवज सापडला, मग काय, हाही चोरच! पुढे राजाला चूक कळली. तो येऊन पाया पडला, ऋषींना खाली उतरवलं. पण सूळ अंगातून निघेना. शेवटी बाहेरचा भाग कापला आणि टोक आतच राहिलं. टोक म्हणजे अणी. तेव्हापासून त्यांचं नाव अणीमांडव्य.

हे मी अनेक वर्षं प्रवचनात सांगत आलो, पण मला स्वतःला ते कळलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी आमच्या घरातली सोन्याची पाटली दिसेनाशी झाली. धुणंभांडी करणाऱ्या बाईंशिवाय घरात परकं कोणी येत नव्हतं. मी चौकीत जाऊन संशय म्हणून त्यांचं नाव दिलं. त्यांना दोन दिवस बोलावून बसवून ठेवलं. तीन आठवड्यांनी गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीत पाटली मिळाली, आईनेच ठेवली होती. मी लगेच चौकीत गेलो, तक्रार मागे घेतली. बाईंच्या घरी मात्र गेलो नाही. आमच्या आळीत त्यांना पुन्हा कोणी काम दिलं नाही. तक्रार कागदावरून पुसली गेली, अणी राहिली.

दुसरी गोष्ट पुढच्या वर्षीची. शेजाऱ्यांकडे खरोखरची चोरी झाली, कडीकोयंडा तोडून. ते फिर्याद द्यायला गेले तर हवालदार म्हणाले, “आधी पेट्या बघितल्यात ना नीट?” माझ्या खोट्या आळाची किंमत शेजाऱ्याने भरली.

कायद्यात खोट्या फिर्यादीला शिक्षा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं १८२ आणि २११ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची २१७ आणि २४८ आहेत. पण ती जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्यासाठी. मी तर जाणूनबुजून केलं नव्हतं, नुसता संशय बोललो होतो! आपण बहुतेक असेच असतो. (आणि यावरून कोणी असं समजू नये, की खरी तक्रार असली तरी गप्प बसावं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने चौकीची पायरी चढावीच.)

हल्ली तर चौकीपर्यंत जायलाही नको. फोनवर आलं, मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, पुढे पाठवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसं मारली गेली, मुलं पळवणारी समजून. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षेसाठी फिरणारे. मच्छिंद्रनाथांना दत्तप्रभूंचा अनुग्रह, असं आपण नवनाथांच्या पारायणात वाचतो. म्हणजे ही माणसं आपलीच गुरुबंधू. पुढे १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेच्या रात्री गेले. त्या निरोपांना मी पाठवतो म्हणणारे हात किती होते? त्यातले कित्येक आपल्यासारखेच, नातवंडांच्या काळजीने.

अनसूया या नावाचा अर्थ लक्षात घ्या. असूया म्हणजे नुसता मत्सर नव्हे. दुसऱ्याच्या चांगल्यातही दोष काढणं, ती असूया. ती जिच्यात नाही ती अनसूया. दारात तीन अनोळखी आले, तेही वेडीवाकडी अट घालून, तरी तिने त्यांना चोर म्हटलं नाही. आधी ओळखलं. ओळखायला वेळ लागतो, आळ घ्यायला लागत नाही.

दत्तप्रभूंची भिक्षा कोल्हापुरात, दुपारची, ही आपली श्रद्धा. म्हणून आमच्याकडे दुपारी दारात आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत. मागच्या दत्तजयंतीला बाराच्या सुमाराला डौर वाजला. सूनबाईंनी भोकातून पाहिलं, म्हणाल्या, “मामा, कोणीतरी गोसावी आहे, उघडू का?” मीच उठलो. साठीचा माणूस, भगवा फेटा, खांद्याला झोळी. झोळी पुढे करायच्या आधी त्याने प्लास्टिकमध्ये घातलेलं ओळखपत्र काढून माझ्यासमोर धरलं. मी म्हटलं, “महाराज, राहू द्या, मी कुठे विचारलं?” तांदळाची वाटी मी पुढे केली, तर त्याने झोळी मागे घेतली.

“आधी नाव वाचा मालक,” तो म्हणाला, “मग घाला.”

मी चष्मा आणायला आत गेलो.