अंगणातील हिरवळ आणि ओठांचा हक्क

शहापूर तालुक्यातील ज्या लहानशा मशिदीत मी इमामत करतो, तिच्या पटांगणात तीन वर्षांपूर्वी एका सज्जनांनी पाच गुंठ्यांचे लॉन करून दिले. ते मूळचे गावचेच, व्यवसायानिमित्त मुंबईत स्थायिक झालेले. आपल्या दिवंगत मातेच्या ईसाले-सवाबसाठी त्यांनी हा खर्च केला. उन्हाळ्यात येणाऱ्या ईदला नमाजींच्या कपाळाला तापलेली माती लागू नये, ही त्यांची शुद्ध भावना होती. बोअरवेल मारली गेली, नर्सरीतून गवताचे तयार गालिचे आले, फवारे बसले. मी दुआ केली आणि खरे सांगायचे तर मनातून थोडा मिरवलोही.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये उताराखालच्या ठाकूरवाडीतील एक वृद्धा मशिदीच्या फाटकाशी आली. तिची तक्रार नव्हती. आमची मोटार किती वाजता बंद असते, एवढेच तिला हवे होते. मोटार चालली की वाडीच्या विहिरीत पुढचे दोन-तीन तास गाळच लागतो, तेव्हा आमची वेळ कळली तर बायका त्याप्रमाणे हंडे घेऊन निघतील, असे तिचे म्हणणे. मी वेळ सांगितली. ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. त्या दिवशी असरच्या नमाजला उभा असताना माझे चित्त नमाजीत नव्हते, हे मला मान्य केले पाहिजे.

आपल्या या मुलखाची गोष्टच विलक्षण आहे. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात पाऊस अडीच हजार मिलिमीटरांच्या घरात पडतो. पण तो चार महिन्यांत येऊन निघून जातो आणि खालचा काळा कातळ त्यातले फार थोडे धरून ठेवतो. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले, पुढे वैतरणा आणि भातसा झाली. मुंबई रोज जे पाणी पिते त्यातले जवळपास निम्मे एकट्या भातशाचे असते. मुरबाडची गावे बारवीच्या जलाशयाखाली गेली. आणि याच तालुक्यांतील वाड्या-पाड्यांवर मार्च सरला की टँकरची वाट पाहणे सुरू होते. अशा ठिकाणी आता महामार्गाच्या दोन्ही अंगांना फार्महाऊस उभी राहत आहेत आणि प्रत्येकासमोर मे महिन्यातही हिरवेगार गवत हवे असते. आमची मशीदही त्याच रांगेत जाऊन बसली होती.

मी हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात लॉन हिरवे ठेवायचे तर रोज पाच-साडेपाच मिलिमीटर पाणी लागते. पाच गुंठे म्हणजे सुमारे पाचशे चौरस मीटर; तेव्हा रोजचे अडीच हजार लिटरांहून अधिक. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटरांचे माप ठरवले आहे. म्हणजे आमचे गवत पन्नास माणसांचे पाणी पीत होते. अल्लाहचे प्रेषित (स.) एका मुद्दमध्ये, म्हणजे पाऊण लिटरहून कमी पाण्यात, वुजू करीत आणि एका साअमध्ये, जेमतेम तीन लिटरांत, गुस्ल करीत. ही हदीस मी मुलांना दरवर्षी शिकवतो. शिकवताना खिडकीबाहेर फवारे चालू असत.

हा विषय मी जुम्याच्या बयानात काढला तेव्हा एका शिकल्या-सवरल्या तरुणाने नंतर गाठून विचारले, “मौलाना, जमीन आपली, बोअर आपली, विजेचे बिल आपले. मग यात इसराफ कुठे आला?” प्रश्न प्रामाणिक होता आणि आपल्यापैकी अनेकांच्या मनात तो असतो. उधळपट्टी म्हणजे पैशाची उधळपट्टी, असे आपण धरून चालतो. ज्याला परवडते त्याची ती उधळपट्टी नव्हे, असेही. परंतु प्रेषितांनी (स.) वाहत्या नदीकाठी वुजू करणाऱ्यालाही पाणी वाया घालवण्यापासून रोखले, अशी रिवायत आहे. तेथे कोणाचे बिल येणार होते? तेथे तर टंचाईही नव्हती.

आणि मालकीचे म्हणाल, तर पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत माणसे परस्परांची भागीदार आहेत, असा प्रेषितांच्या (स.) वचनाचा आशय आहे. घागरीत भरलेले पाणी भरणाऱ्याचे होते. जमिनीखालचे मात्र वाहते असते, ते सातबारा पाहून थांबत नाही. म्हणून फुकहांनी विहिरीच्या मालकावरही एक बंधन ठेवले. हनफी ग्रंथांत पाण्याचे दोन हक्क वेगळे सांगितले आहेत. एक ‘शिर्ब’, म्हणजे शेत भिजवण्याचा. दुसरा ‘शफह’. अरबीत या शब्दाचा अर्थ ओठ. तहानलेल्या माणसाच्या आणि जनावराच्या ओठांचा हक्क खाजगी विहिरीवरही चालतो. मालक त्यांना अडवू शकत नाही. विद्यार्थिदशेत हा शब्द पाठ केला होता, पण त्याचा चेहरा मला त्या फाटकाशी दिसला.

विहिरीभोवती ठरावीक अंतरात दुसऱ्याने खोदू नये, या नियमाला फिक्हमध्ये ‘हरीम’ म्हणतात. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यानेही सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरांचे बंधन घातले. आमची बोअर वाडीच्या विहिरीपासून किती अंतरावर आहे, हे मारताना कोणी मोजले नव्हते. मीही नाही.

आता सौंदर्याचा मुद्दा. अल्लाह सुंदर आहे आणि सौंदर्याला पसंत करतो, ही सहीह हदीस आहे. तिचा आधार घेणाऱ्याला मी खोडून काढणार नाही. कोरड्या धर्मनिष्ठेच्या नावाखाली अंगण ओसाड ठेवणे हे काही पुण्य नव्हे. झाड लावावे, त्याचे फळ माणसाने, पक्ष्याने, जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याचे दान ठरते, हेही प्रेषितांनीच (स.) सांगितले. प्रश्न हिरवळीचा नाही, पाळीचा आहे. कुरआनात समूद जातीला सांगितले गेले की एक दिवस उंटिणीच्या पिण्याचा, एक दिवस तुमचा. त्या लोकांनी ती पाळी सहन केली नाही. मदीनेतील महजूर नावाच्या ओहोळाबाबत प्रेषितांनी (स.) निर्णय दिला की वरच्याने घोट्यापर्यंत पाणी अडवावे आणि मग खालच्यासाठी सोडावे. वरच्याचा हक्क पहिला खरा, पण त्यालाही घोट्याचे माप होते. आम्ही उतारावर वर होतो आणि आम्हाला माप नव्हते.

मुंबईला धरणेच्या धरणे जातात, त्यापुढे आपले अडीच हजार लिटर ते काय, असेही कोणी म्हणाले. शासनाशी त्याबद्दल भांडले पाहिजे, भांडूही. पण वाडीच्या विहिरीतला गाळ भातशामुळे आलेला नव्हता.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. लॉन एका मुलाने आईसाठी दिले होते. देणाऱ्याच्या हेतूला धक्का लावण्याचा अधिकार मला आहे का? मी माझ्या उस्तादांना विचारले. ते म्हणाले, सवाब पोहोचवायचा असेल तर तो पाणी देऊन पोहोचतो, ह. सअद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत मातेसाठी कोणते दान उत्तम, असे विचारले तेव्हा पाणी हेच उत्तर मिळाले होते. हे मी त्या गृहस्थांना फोनवर सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “विचार करतो.”

तूर्त जमातीने एवढे केले आहे: होळीनंतर फवारे बंद. बोअरवर एक नळ काढून तो फाटकाबाहेर नेला आहे. वुजूचे वाहून जाणारे पाणी एका चरातून कडुलिंब, जांभूळ आणि मेंदीच्या कुंपणाला सोडले आहे. वापरलेले पाणी वुजूला चालत नाही, झाडांना चालते. बुंध्यांशी पालापाचोळ्याचा जाड थर घातला आहे, त्यामुळे ओल टिकते. ईदची नमाज मांडवाखाली, ताडपत्रीवर झाली. दोघा-तिघांनी उकाड्याबद्दल कुरकुर केली.

नर्सरीचे गवत करपले. गेल्या जूनमध्ये पहिल्या दोन पावसांनंतर त्याच्या जागी आपली हरळी उगवली. वाळलेली जमीन पावसाने पुन्हा सजीव होणे, याला कुरआनाने पुनरुत्थानाची निशाणी म्हटले आहे. आमच्या पटांगणात ती निशाणी दोन वर्षे दिसलीच नव्हती. ते गृहस्थ ऑगस्टमध्ये गावी आले, चप्पल काढून त्या हरळीवरून चालले, नळापाशी थांबले. निर्णय अजून त्यांनी कळवलेला नाही. मी विचारलेलेही नाही.