कल्याणच्या पुढचं घर

बदलापूर, वांगणी, नेरळ इथल्या नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव असतो, डोंगराचा देखावा असतो आणि ‘स्टेशनपासून दहा मिनिटांवर’ हे वाक्य तर हमखास असतं. त्या स्टेशनावरून नोकरीच्या जागी पोहोचायला किती वेळ लागेल, हे कुठेच छापलेलं नसतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून (सीएसएमटी) बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. जलद लोकल वेळेवर धावली तरी दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. घरापासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, फलाटावरची वाट, उतरल्यानंतरची बस किंवा पायपीट धरली, की जाऊन-येऊन चार तास सहज होतात. वर्षाला कामाचे २८० दिवस धरले तर ११२० तास होतात. अहोरात्र मोजले तर जवळपास ४७ दिवस.

इथलं घर स्वस्त आहे, असं म्हणतात. खरं तर त्याच्या किमतीचा एक भाग बँकेकडे हप्त्यांनी जातो आणि उरलेला भाग वेळेच्या रूपात वसूल होतो, रोज, घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाकडून. पहिल्या हप्त्याची नोंद असते, त्यावर आयकरात सवलतही मिळू शकते. दुसऱ्या हप्त्याचं खातं कुणीच ठेवत नाही.

माणसं इतक्या लांब हौसेनं आलेली नाहीत. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतली अनेक कुटुंबं खोली विकून डोंबिवली, कल्याण, नालासोपारा, विरारकडे सरकली. पुढच्या पिढीला डोंबिवलीही परवडेना, म्हणून ती अंबरनाथ-बदलापूरला आली. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती. दहा वर्षांत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. जांभळासाठी ओळखल्या जाणाऱ्या आणि त्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या या गावात आता जांभळाच्या झाडांपेक्षा इमारतीच चटकन नजरेत भरतात.

हे सरकणं अजून थांबलेलं नाही. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना वांगणी आणि शेलू इथे घरं देण्याचा निर्णय राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये घेतला. ही दोन्ही स्टेशनं बदलापूरच्याही पुढची. ज्यांच्या श्रमांवर मुंबई उभी राहिली त्यांना मुंबईतच घर हवं, या मागणीसाठी जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आझाद मैदानावर जमले. त्यात सत्तरी-ऐंशीतली माणसंही होती. घर मिळतंय ना, मग तक्रार कसली, असा प्रश्न त्यांना विचारणाऱ्याने एकदा संध्याकाळच्या गर्दीत दादरहून कर्जत लोकल पकडून पाहावी.

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेला दोनच मार्गिका आहेत. त्याच रुळांवरून पुण्याकडच्या आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस धावतात, मालगाड्याही जातात. एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या खोळंबतात. कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका २०१९ मध्ये मंजूर झाली. तिचं काम सुरू आहे, पण शहर तिच्यासाठी थांबलेलं नाही. मधल्या काळात लोकांनी आपापले उपाय शोधले. अंबरनाथचे कितीतरी प्रवासी सकाळी आधी उलट्या दिशेने बदलापूरला जातात, म्हणजे तिथून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. एका खिडकीसाठी आणखी अर्धा तास जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित गाड्या आल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरचे प्रवासी रस्त्यावर उतरले आणि मध्य रेल्वेला नव्याने सुरू केलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. गारव्याला कुणाचा विरोध नव्हता. साध्या पासवर चढता येणारी एक गाडी कमी झाली की पुढच्या गाडीच्या दारात किती माणसं लटकतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान हेच दिसलं. वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. एक गाडी कर्जतहून येत होती, दुसरी कसाऱ्याकडे निघाली होती, म्हणजे दोन्ही कल्याणपलीकडच्या. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली. मुंबईच्या लोकल मार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात. त्यांतली कितीतरी घराचा हा दुसरा हप्ता भरत असतील.

या वेळेचा भार सगळ्यांवर सारखा नसतो. साडेसहाची लोकल गाठणारी बाई साडेचारला उठते, डबे भरते, पाणी भरते, मुलाला शेजारी किंवा पाळणाघरात सोडते. महिला डब्यात मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, कुणी पोथी वाचतं, कुणी उत्तरपत्रिका तपासतं. दसऱ्याला डबा सजतो, डोहाळजेवणंही तिथेच होतात. या मैत्रीचं कौतुक वर्तमानपत्रांनी पुष्कळ केलं आणि ते रास्तच आहे. पण भाजी डब्यात निवडावी लागते, कारण घरी पोहोचल्यावर तेवढा वेळ उरत नाही आणि घरी ते काम दुसरं कुणी हाती घेत नाही. मूल लहान असताना किंवा सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर अनेकजणी मुंबईतली नोकरी सोडून जवळच कमी पगाराची नोकरी धरतात.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि हे सगळं एकदम उघडं पडलं. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी गाड्या सुरू झाल्या, ऑक्टोबरमध्ये महिलांना मुभा मिळाली, बाकीच्यांना फेब्रुवारी २०२१ उजाडेपर्यंत थांबावं लागलं. ज्यांचं काम संगणकावर होतं त्यांना घरी बसून पगार मिळाला आणि वर चार तासही. पेढीवरचा कारकून, दुकानातला विक्रेता, छापखान्यातला कामगार शिळफाट्याच्या कोंडीत बसमध्ये अडकला किंवा कामाला मुकला. पण त्याच महिन्यांत अनेकांनी आपलं गाव प्रथमच दिवसाउजेडी, कामाच्या वारी पाहिलं. नळाला पाणी किती वाजता येतं, कचरागाडी येते की नाही, मुलांना खेळायला मैदान कुठे उरलंय, हे तोवर फक्त घरी राहणाऱ्यांनाच ठाऊक होतं.

लांबच्या उपनगराची सगळ्यात मोठी हानी इथेच होते. जाणत्या, कमावत्या, प्रश्न विचारू शकणाऱ्या माणसांपैकी खूप जण कार्यालयीन वेळेत गावात नसतात. पालिकेची खिडकी उघडते तेव्हा ते ठाण्याच्याही पुढे गेलेले असतात आणि परततात तेव्हा ती बंद असते. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची मुदत २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शहरात इतका काळ निवडून आलेला एकही नगरसेवक नसावा, याचा जितका आवाज उठायला हवा होता तितका उठला नाही. उल्हास नदीला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मोठे पूर आले. २०१९ मध्ये तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तरी नदीकाठचं बांधकाम वाढतच राहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळकरी मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध बदलापूरचे हजारो नागरिक रुळांवर उतरले आणि गाड्या कित्येक तास थांबल्या, तेव्हा साऱ्या राज्याचं लक्ष इकडे वळलं. या शहराच्या हाती लक्ष वेधण्याची दुसरी साधनंच कमी आहेत.

असं असूनही इथल्या माणसांनी गावं उभी केली आहेत, हे ठामपणे सांगायला हवं. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केली आणि पाहता पाहता ती गिरगाव-ठाण्यापर्यंत पोहोचली. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुणाई लोटते. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्या या गावाने २०१७ मध्ये साहित्य संमेलन भरवलं. बदलापुरात श्याम जोशी यांनी ‘ग्रंथसखा’ हे वाचनालय उभारलं आणि दुर्मीळ मराठी पुस्तकं जपली. प्रवासातून उरलेल्या दोन तासांत लोकांनी एवढं केलं. त्यांच्या हाती आणखी दोन तास असते तर काय झालं असतं, हा विचार कुठल्याही नियोजनकाराला अस्वस्थ करायला पुरेसा आहे.

म्हणून वेळेचा हिशेब धोरणात यायला हवा. सरकारी योजनेतलं घर देताना कामाच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास किती, हे किमतीशेजारी लिहिलं जावं. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांबरोबर कार्यालयंही यावीत, म्हणजे शिकलेल्या मुलींना रोज सीएसएमटी गाठावं लागणार नाही. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या वेळा विभागून दाखवल्या. मंत्रालयाला, बँकांना, विमा कंपन्यांना तेच करण्यात अडचण नाही. मार्गिका आणि मेट्रो व्हायला वर्षं लागतील. पण नगरपालिकेची तक्रार खिडकी रात्री नऊपर्यंत उघडी ठेवायला, सभा रविवारी घ्यायला आणि तिथे नागरिकांना बोलू द्यायला केंद्राची मंजुरी लागत नाही. हे काम येत्या वर्षात सुरू होऊ शकतं.