कोरडा दात

दात भरताना डॉक्टरांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे लाळ. एकोणिसाव्या शतकात किडलेल्या पोकळीत सोन्याचा वर्ख ठोकून ठोकून भरत. त्याला जरा ओल लागली, की थर एकमेकांना धरत नसत आणि सगळी मेहनत वाया जाई. कापूस, रुमाल कोंबून वेळ मारून नेली जाई.

न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांना ते पटेना. १८६४ साली त्यांनी रबराच्या पातळ तुकड्याला भोक पाडलं आणि त्यातून फक्त किडका दात वर काढला. दात कोरडा राहिला!

त्याच काळात कवळ्यांच्या कडक रबराचं पेटंट असलेली कंपनी दंतवैद्यांकडून परवाना शुल्क वसूल करत होती. बार्नम यांनी मात्र आपली युक्ती साऱ्या व्यवसायाला मोफत देऊन टाकली.

आजही रूट कॅनाल करताना हाच रबराचा पडदा, म्हणजे 'रबर डॅम', लाळेतले जंतू दातात जाऊ देत नाही आणि हातातून निसटलेली बारीक सुई घशात जाण्यापासून अडवतो. तो लावायला वेळ जातो, खर्चही येतो, आणि पेशंट तर त्याबद्दल विचारतही नाही. तरीही काही डॉक्टर तो प्रत्येक वेळी लावतातच. खुर्चीत बसणाऱ्यानंही आपल्या डॉक्टरांना एकदा जरूर विचारावं, "डॉक्टर, रबर डॅम लावणार ना?"