अपत्यहीनता आणि आपली धर्मबुद्धी

गेल्या वर्षी माघ शुद्ध सप्तमीस, कुलदेवतेची जत्रा आटोपल्यानंतर, अंत्रुज महालातील आमच्या देवळाच्या अग्रशाळेत एका आप्ताच्या मुलाचे बारसे होते. जत्रेसाठी बेळगावहून आलेली माझी पुतणी इतर लेकीसुनांबरोबर पाळण्यापाशी गेली. पाळण्याची दोरी तिच्या हाती येणार, तोच एक वृद्ध बाई अगदी मऊ आवाजात तिला म्हणाल्या, "बाये, तू जरा मागे उभी राहा." त्या आवाजात द्वेष नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक सवय होती. पोर मुकाट्याने मागे सरली. सायंकाळी तळीच्या पायऱ्यांवर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि पाण्याकडे पाहत म्हणाली, "काका, माझं काय चुकलं?"

तिच्या लग्नाला नऊ वर्षे झाली आहेत. प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवून तो गर्भ कुशीत ठेवण्याचा उपचार तिने दोनदा करून घेतला. दोन्ही वेळा तो निष्फळ ठरला. त्या सायंकाळी मला तिला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

मूल न होणे ही एक घटना आहे. परंतु आपण तिला अपराध समजतो. अपराध म्हटला की अपराधी शोधावा लागतो, आणि तो बहुधा घरातल्या सुनेच्या रूपाने चटकन सापडतो. मूल होण्या-न होण्यात माणसाच्या गुणदोषांचा वाटा खरोखर किती, आणि त्यावरून एखादीला मागे उभे करण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त झाला, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम शरीराचीच साक्ष काढू. वर्षभर नियमित सहवास होऊनही गर्भ राहिला नाही, तर वैद्यकशास्त्र त्यास वंध्यत्व म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अंदाजानुसार जगातील दर सहा प्रौढ माणसांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो. स्त्रीच्या बीजवाहिन्या बंद असणे (आपल्या देशात क्षयरोगाचाही यात हात असतो), बीजकोशातून वेळच्या वेळी बीज न सुटणे, गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशी भलत्या जागी वाढणे, अशी तिच्याकडील कारणे आहेत. पुरुषाच्या वीर्यातील शुक्राणूंची संख्या, गती वा घडण उणी असणे, ही त्याच्याकडील कारणे होत. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण वा अंशतः भाग असतो. आणि गंमत अशी की, पुरुषाची ही तपासणी सर्वांत सोपी व स्वस्त. तीत सुई नाही, शस्त्र नाही. तरीही आपल्या घरांत पहिली तपासणी सुनेची होते आणि शेवटची मुलाची. कित्येकदा ती होतच नाही.

माझ्या थोरल्या आत्याची गोष्ट या संदर्भात सांगितली पाहिजे. पोर्तुगीज राजवटीने १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या चालीरीतींची एक संहिता जाहीर केली होती. पत्नीस २५ वर्षांपर्यंत मूलच झाले नाही, किंवा ३० वर्षांपर्यंत पुत्र झाला नाही, तर पतीने ती हयात असता दुसरा विवाह केल्यास तो ग्राह्य धरावा, असे अपवाद तीत नमूद होते. पत्नीच्या वयाची मर्यादा लिहिली गेली. पतीच्या शरीराविषयी मात्र एक अक्षरही नाही. आत्याने पंचविशी ओलांडली आणि तिच्या यजमानांनी दुसरे लग्न केले. दुसरीलाही मूल झाले नाही. एवढ्या साध्या पुराव्यावरून जे कोणासही कळावे, ते कोणासच कळले नाही. दोघीही वांझ ठरल्या. यजमान मात्र अखेरपर्यंत महाजन म्हणून पालखीपुढे मानाने चालले. आत्या आयुष्यभर कोणाच्या बारशाला गेली नाही. त्या दिवशी तिला नेमके डोके दुखत असे.

आता काळ पालटला आहे. तथापि दोषारोपाची रीत केवळ वेष पालटून उभी आहे. पुतणीला जे ऐकावे लागते ते पाहा. एक म्हणते, "शिकत बसलीस, म्हणून उशीर झाला." दुसरी म्हणते, "उपचारानंतर अंथरुणावर पडून राहायला हवं होतंस." तिसरी म्हणते, "फार विचार करतेस, त्यानेच राहत नाही." या तिन्ही उपदेशांत माया आहे, सत्य किती आहे ते पाहू.

वयाची गोष्ट खोटी नाही. स्त्री जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात; ती वयात येईतो तीन-चार लाख उरतात, आणि पुढे नवी भर पडत नाही. पस्तिशीनंतर बीजांची संख्या व प्रत दोन्ही झपाट्याने उतरतात. प्रयोगशाळेतील उपचारही हा नियम मोडू शकत नाही. ब्रिटनमध्ये अशा उपचारांची काटेकोर नोंद ठेवली जाते. कुशीत ठेवलेल्या दर गर्भामागे मूल जन्मण्याचे प्रमाण पस्तिशीच्या आतील स्त्रियांत सुमारे एक-तृतीयांश, तर चाळिशी ओलांडलेल्यांत एक-दशांशाच्या आसपास किंवा त्याहून कमी, असे त्या नोंदी सांगतात. दुसऱ्या स्त्रीचे बीज घेतले तर यश दात्रीच्या वयावर अवलंबून राहते, यावरून बीजाच्या वयाचे माहात्म्य ध्यानी येईल. तंबाखू आणि अतिस्थूलता यांनीही यश घटते, आणि हे दोन्ही नियम स्त्रीपुरुषांस सारखेच लागू आहेत. परंतु तरुण व निरोगी स्त्रीच्या बाबतीतही तीन प्रयत्नांपैकी दोन निष्फळ होतात, ही गोष्ट त्याच आकड्यांत लिहिलेली आहे. ती कोणी वाचून दाखवीत नाही. पुष्कळसे अपयश गर्भातील गुणसूत्रांच्या मांडणीत पडलेल्या चुकीमुळे येते. ती चूक कोणाच्या उपासाने होत नाही, आणि कोणाच्या उपासाने सुधारतही नाही.

उरलेल्या दोन उपदेशांविषयी शास्त्राचा निर्वाळा अधिक स्पष्ट आहे. गर्भ कुशीत ठेवल्यावर अंथरुणास खिळून राहण्याने यश वाढत नाही, असे तुलनात्मक अभ्यासांत आढळून आले आहे. आणि चिंतेविषयी म्हणाल, तर १४ अभ्यासांतील साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उपचारापूर्वीच्या मानसिक तणावाने गर्भ राहण्याची शक्यता कमी होत नाही, असा तो निष्कर्ष होय. म्हणजे जी बाई आधीच दुःखात आहे तिला, "तुझ्या दुःखामुळेच तुला मूल होत नाही," असे सांगणे हे क्रूर तर आहेच, शिवाय असत्यही आहे.

येथे कोणी म्हणेल, "मग उशिरा लग्न करण्याचा दोष तरी मुलींचा नाही काय? त्यामुळेच आपला समाज घटत चालला आहे." या बोलण्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील एकूण प्रजननदर दर स्त्रीमागे १.३ आढळला, तत्पूर्वीच्या पाहणीत तो १.७ होता. संपूर्ण देशाचा आकडा २.० होता. लोकसंख्या स्थिर राहण्यास सुमारे २.१ लागतो. परंतु हा दर प्रामुख्याने उतरला तो लोकांनी समजून-उमजून थोडी मुले होऊ दिल्यामुळे. जन्मलेली मुले जगू लागली, मुली शिकल्या, नोकरीसाठी तरुण आखातात, बोटीवर वा पुण्या-मुंबईस गेले, घरांच्या किमती चढल्या. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा समाजाने त्यांना छळले. १९५२ पासून सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतले, आणि थोडी मुले हे शहाणपणाचे लक्षण ठरले. आपण सर्वांनी मिळून मुलींना शाळेत धाडले, हुंड्याच्या व घराच्या सोयीसाठी लग्ने लांबवली, पहिली नोकरी पक्की होईतो थांबा म्हणून सांगितले. हे निर्णय बहुतांशी योग्यच होते. पण त्यांची किंमत बीजाच्या वयातून चुकती होते, आणि ती एकट्या मुलीने भरावी असे म्हणणे हा न्याय नव्हे. समाजाने मिळून काढलेले कर्ज एका घरच्या सुनेच्या नावावर लिहिण्यासारखे ते आहे.

आता धर्माकडे येऊ. कारण देवळाच्या आवारात उभे राहून जी गोष्ट त्या मुलीला सांगितली गेली, ती धर्माच्याच नावाने सांगितली गेली. पूर्वजन्मीचे काही पाप असल्यावाचून कूस रिकामी राहत नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. कर्मसिद्धान्त मी मानतो. परंतु तो माणसाने स्वतःच्या आयुष्यास लावावयाचा आहे. स्वतःला लावला तर तो धीर देतो. दुसऱ्यास लावला की तो आरोप बनतो. शेजाऱ्याच्या पूर्वजन्माचे दप्तर आपल्यापैकी कोणीही पाहिलेले नाही. दशरथास तीन राण्या असून पुत्र नव्हता; त्याने यज्ञ मांडला तो स्वतःच्या नावाने, आणि त्याचा दोष एकाही राणीच्या पदरी बांधला नाही. एवढे तारतम्य तरी आपण त्या राजापासून घ्यावे.

निपुत्रिकास गती नाही, हे दुसरे भय. बारशाच्या दुसऱ्याच दिवशी भीष्माष्टमी होती. सकाळी तळीवर उभा राहून मी नेहमीप्रमाणे भीष्मांना तर्पण केले, आणि ओंजळीतले पाणी सोडताना प्रथमच मनात विचार आला की, हे पाणी मी कोणाला देत आहे? ज्याने आजन्म विवाह केला नाही, ज्यास पुत्र नाही, अशा पुरुषास. ज्यांचा भीष्मांशी रक्ताचा काडीमात्र संबंध नाही, अशी सहस्रावधी माणसे दर माघात त्यांना पाणी देतात. नित्य तर्पणातही ज्यांना मागे कोणी नाही अशांसाठी एक ओंजळ राखून ठेवली आहे. ज्या परंपरेने निपुत्रिकास पितामह म्हटले, तिच्याच देवळात निपुत्रिक स्त्रीला पाळण्यापासून दूर सारावे, याहून मोठी विसंगती कोणती?

नवसाची मी थट्टा करीत नाही. देवापुढे कौल लावून पाकळी कोणत्या बाजूस पडते याची वाट पाहणाऱ्या जोडप्याचा चेहरा ज्याने पाहिला आहे, तो थट्टा करणार नाही. तिसवाडीतील तळावलीच्या सांत आनाच्या चर्चमध्ये जुलैच्या अखेरीस अपत्यार्थी जोडपी तवशी वाहतात, तीही याच आर्ततेने. परंतु नवस ही प्रार्थना आहे. तो करार नव्हे. पाकळी डाव्या बाजूस पडली म्हणून स्त्री अपवित्र होत नाही. आणि नवस दोघांचा असेल, तर तपासणीही दोघांची असली पाहिजे.

श्रेय आणि दोष यांचा हा मोह विज्ञानालाही सुटलेला नाही. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी प्रयोगशाळेत गर्भधारणा झालेले जगातील पहिले मूल जन्मले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरे जन्मले. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ साली त्यांनी निराशेने आपले जीवन संपवले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून जे बालक जन्मले, ते देशातील पहिले म्हणून गौरवले गेले. परंतु आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची टिपणे स्वतः तपासली आणि १९९७ साली जाहीरपणे लिहिले की, पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या हाती आलेला मान असा खाली ठेवणे सोपे नसते. मूल जन्माला आले म्हणून ते 'माझे कर्तृत्व' नव्हे, हे त्या शास्त्रज्ञाला कळले. मग ते न जन्मल्यास 'तुझा दोष' नव्हे, हे आम्हां भाविकांस कळू नये काय?

आज उपचार पूर्वीइतके दुर्लभ राहिलेले नाहीत. २०२१ सालच्या कायद्याने अशा केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली, उपचार घेणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या वयाची मर्यादा ठरली. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात २०२३ पासून ही सेवा विनामूल्य सुरू झाली. ज्यांना उपचार घ्यावयाचा असेल त्यांनी तो वेळीच घ्यावा, आणि डॉक्टरांस यशाचे खरे प्रमाण स्वतःच्या वयासह विचारून घ्यावे. परंतु उपचार थांबवण्याचाही अधिकार माणसास असला पाहिजे. थांबणारी स्त्री भित्री नव्हे. दत्तक घ्यावे की न घ्यावे, हेही त्या दोघांनी ठरवावे. ते आपण बाहेरून सांगण्याचे सांत्वन नव्हे.

अष्टमीच्या दुपारी आमची मंडळी परतायला निघाली. बाळाची आई, माझ्या चुलत बहिणीची सून, पुतणीजवळ आली आणि काही न बोलता तिने मूल तिच्या मांडीवर ठेवले. त्या वृद्ध बाई समोरच बसल्या होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण त्या काही बोलल्या नाहीत. पुतणीने मुलाला बराच वेळ धरून ठेवले होते. तिसरा उपचार करावा की नाही, ते तिने अजून ठरवलेले नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला आता देता येईल: "बाये, तुझं काहीच चुकलं नाही. चुकलं ते आमचं."