वस्तरा खाली ठेवण्याची मुभा

धार विकत मिळत नाही. वस्तरा विकत मिळतो. धार मात्र दर वापराला थोडी जाते आणि पुन्हा कमवावी लागते. गेलं दीड वर्ष मी सुट्टीच्या दिवशी जुन्या पद्धतीच्या घडीच्या वस्तऱ्याने दाढी करतो. या काळात पक्की कळलेली पहिली गोष्ट हीच.

हा सलूनमध्ये दिसतो तो वस्तरा नव्हे. सलूनमधल्या वस्तऱ्यात पत्ती अर्धी मोडून घालतात आणि काम झालं की फेकतात. माझ्याकडचा सबंध पोलादाचा आहे. जर्मनीतलं झोलिंगेन आणि इंग्लंडमधलं शेफील्ड ही शहरं अशा वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध. पात्याची पाठ जाड, साधारण पाच मिलिमीटर, आणि तिथून ते आत घेत घेत कडेला इतकं पातळ होतं की नखावर हलकेच दाबलं तर वाकलेलं दिसतं.

इंजिनिअर म्हणून मला यातली एक गोष्ट भयंकर आवडते. धार लावताना पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि कड दोन्ही एकदमच टेकतात. कोन हाताने सांभाळावा लागत नाही. १६-१७ अंशांचा कोन पाठीच्या जाडीत आधीच ठरलेला असतो. वर्षानुवर्षं दगडावर कड झिजते तशी पाठही झिजते, त्यामुळे कोन जवळपास तोच राहतो. झीज होणार हे गृहीत धरून केलेलं असं डिझाइन मी सॉफ्टवेअरमध्ये फार कमी वेळा पाहिलंय.

दगडाचं काम काही महिन्यांनी एकदा. हजार ग्रिटच्या दगडापासून सुरुवात करून चढत चढत आठ किंवा बारा हजारापर्यंत जायचं. चामड्याच्या पट्ट्याचं काम मात्र प्रत्येक दाढीआधी. पन्नास-साठ फेऱ्या, पाठ पुढे आणि धार मागे. पट्ट्याच्या टोकाला पोचलं की पातं पाठीवर कूस बदलतं. धार पट्ट्याकडे तोंड करून कधीच पुढे जात नाही. जोर अजिबात लावायचा नाही. मग गरम पाणी, साबणाचा भरपूर फेस, मोकळ्या हाताने कातडी ताणून धरायची आणि पातं त्वचेशी साधारण तीस अंशात ठेवून केसांच्या दिशेने खाली आणायचं. पहिले काही आठवडे फक्त गाल, मग जबडा, मग गळा, आणि हनुवटी सगळ्यात शेवटी. शेवटी पातं कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात. पावसाळ्यात हे टाळलं की पोलादावर लगेच गंजाचे ठिपके उठतात.

एवढं करून धार टिकते का? नाही. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचं एक कारण मांडलं. केस पत्तीच्या पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असतो, तरी तो धारेचे टवके उडवू शकतो. पोलाद आतून सगळीकडे एकसारखं नसतं. कापताना केस वाकतो, त्याचा ताण नेमका एखाद्या कच्च्या जागेवर येतो आणि तिथे बारीकसा टवका निघतो. म्हणजे रोजच्या मऊसूत गोष्टीच पोलादाला बोथट करतात. यावर व्हॉट्सअ‍ॅपवर सुविचार लिहिण्याचा मोह मी आवरतो.

पण दुसरा एक मोह आवरणं जास्त अवघड आहे. तो असा: "पूर्वी लोक वस्तू सांभाळायचे, आपण फेकतो. पूर्वी हातात कौशल्य होतं, आता फक्त खरेदी आहे." ही गोष्ट सांगायला खलनायकही तयार आहे. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाने १९०३ साली बदलत्या पत्तीचा रेझर बाजारात आणला. पहिल्या वर्षी विकले गेले फक्त ५१ रेझर आणि १६८ पत्त्या. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांच्या वर गेला. पत्ती वापरायची, फेकायची, नवी घ्यायची. धार कमवायची कटकटच संपली.

गंमत म्हणजे हाच जिलेट तरुणपणी स्पर्धेवर आधारलेल्या बाजारव्यवस्थेचा कडवा टीकाकार होता. १८९४ साली त्याने एका आदर्श, सहकारी समाजाचं स्वप्न रंगवणारं पुस्तकही लिहिलं होतं. म्हणजे खलनायकही सरळ खलनायक निघत नाही.

तरी शनिवारी सकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, पट्ट्यावर पातं फिरवताना मला हीच गोष्ट खरी वाटायची. सांभाळणं हे चारित्र्याचं लक्षण आणि फेकणं हा आळस. माझ्या कामाच्या जगातही हेच दिसतं. नवं फीचर लिहिणाऱ्याचं कौतुक होतं, जुनी सिस्टिम चालती ठेवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. तेव्हा निगा राखण्याला मान मिळायला हवा, हा विचार मला अगदी निर्दोष वाटत होता.

मग मी केस कापायला गेलो.

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांकडे मी कॉलेजपासून जातो. त्यांना सहज विचारलं, "काका, तुमच्याकडे जुना वस्तरा आहे का हो? पत्तीचा नाही, खरा."

"आहे की. वडलांचा. ट्रंकेत पडलाय. का रे?"

मी माझ्या छंदाचं सांगितलं. ते हसले. "हौसेनं करतोस म्हणून बरं वाटतंय तुला. सकाळच्या पारी बारा दाढ्या झाल्या, तेरावा माणूस खुर्चीत बसला आणि धार गेली, की मग कळतं."

त्यांचे वडील साताऱ्याकडच्या गावात धोकटी घेऊन घरोघर जायचे. मोबदला सुगीला, धान्यात. कुणी माप कमी घातलं तरी बोलायची सोय नव्हती. मी विचारलं, "मग पत्ती आली तेव्हा वाईट वाटलं असेल?"

"वाईट कशाला? सुटलो."

"सुटलो" या शब्दाने माझा निर्दोष विचार अडला, आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही.

पत्तीने काय काय सोडवलं ते पाहा. धार लावण्यात जाणारा वेळ वाचला. आणि फक्त वेळ नाही. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. त्यानंतरच्या जनजागृतीत प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी पत्ती हा आग्रह आला. एकच पातं दहा गळ्यांवर फिरवण्यापेक्षा अर्धी पत्ती फेकणं हे जास्त जबाबदार वागणं ठरलं. सांभाळणं चांगलं आणि फेकणं वाईट, हे माझं समीकरण सलूनच्या खुर्चीत बसून सुटत नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट धान्याच्या त्या मापात आहे. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. कुणी वस्तरा धरायचा हे जन्माने ठरायचं. हात कुशल आहे का, आवड आहे का, हे विचारायची गरजच नव्हती. आणि त्या कौशल्याला मिळालेला मान कसा होता? अनेक घरांत हजामत झाली की अंघोळ केल्याशिवाय कशाला शिवायचं नाही, अशी रीत होती. म्हणजे ज्याच्या हातातल्या पात्याखाली निर्धास्त गळा द्यायचा, त्याच्याच स्पर्शाचा विटाळ मानायचा. विश्वास पूर्ण आणि आदर शून्य, असं नातं माणसं पिढ्यानपिढ्या चालवू शकतात, हे मला वस्तऱ्यापेक्षा जास्त धारदार वाटतं.

आपली भाषासुद्धा यात सामील आहे. "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी" ही म्हण आपण सहज वापरतो. तुंबड्या लावणं, म्हणजे दूषित समजलं जाणारं रक्त ओढून काढणं, हाही न्हाव्याच्या कामाचा भाग होता. गावातली लहानसहान शस्त्रक्रियाच ती. म्हणीत त्यातलं फक्त हसू उरलं. खरं तर आज ती म्हण कुणाला चपखल लागू होत असेल तर मला. काम नसलेल्या सकाळी, गरज नसताना, धार लावत बसलेला रिकामा माणूस मीच. फरक एवढाच की माझ्या रिकामपणाला लोक 'माइंडफुलनेस' म्हणतात.

मग नैतिक प्रश्न असा उभा राहतो: जे कौशल्य एका माणसावर लादलं गेलं, ते दुसऱ्याने हौस म्हणून उचलावं का? उचललं तर त्या हौसेला काय म्हणायचं?

एक उत्तर लगेच सुचतं. लाज वाटू दे आणि वस्तरा विकून टाक. मला ते पटत नाही. त्याने कुणाचंच भलं होत नाही, शिवाय त्यात एक लपलेला अपमानही आहे. काकांच्या वडलांचं आयुष्य म्हणजे निव्वळ सोसणं होतं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. त्याच गप्पांत काका पुढे म्हणाले होते, "पट्ट्यावर धार बरोबर बसली की आवाज बदलायचा. वडील माझ्याकडे न बघता सांगायचे, अजून दहा मार. तो आवाज अजून कानात आहे." हे सांगताना त्यांच्या बोलण्यात अभिमान होता. लादलेल्या कामातही माणूस स्वतःचं काहीतरी कमावतो. ते कौशल्य खरं होतं, त्यातला आनंदही खरा होता. कौतुकाच्या नादात अन्याय विसरणं जितकं सोपं, तितकंच अन्यायाच्या नादात ते कौशल्य पुसून टाकणं सोपं.

दुसरं उत्तर जास्त उपयोगी वाटतं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातीवर जो आक्षेप घेतला त्याचा गाभा असा, की जात कामं वाटून थांबत नाही, ती काम करणारी माणसंच वेगवेगळ्या कप्प्यांत बंद करते. म्हणजे दोष वस्तऱ्यात नाही, हाताच्या मेहनतीत नाही, निगा राखण्यातही नाही. तो बंद कप्प्यात आहे. माझ्या आणि काकांच्या वडलांच्या वस्तऱ्याची धार कदाचित सारखीच असेल, त्यांची जास्तच चांगली असेल. फरक एकच. मी तो कधीही खाली ठेवू शकतो. सोमवारी स्टँडअप मीटिंग असते तेव्हा मी साध्या कार्ट्रिजने तीन मिनिटांत दाढी उरकतो. माझ्या छंदाचं सगळं सौंदर्य त्या तीन मिनिटांच्या पर्यायावर उभं आहे.

ज्यांच्याकडे हा पर्याय नव्हता, त्यांनी वस्तरा खाली ठेवल्याचीही नोंद आपल्याच इतिहासात आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन यापुढे करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ही रूढी त्यांनी निर्माण केली नव्हती. तिचा हुकूम दुसऱ्यांचा, हात मात्र त्यांचा. पोट ज्या वस्तऱ्यावर, तोच एका कामासाठी उचलायला त्यांनी नकार दिला. वस्तरा चालवण्यातलं कौशल्य शिकायला मला दीड वर्ष लागलं. तो कुठे चालवायचा नाही हे ठरवणं ही त्याच्या पुढची पायरी आहे, आणि ती कुठल्याही दगडावर घासून मिळत नाही.

म्हणून आता कुणी मला "जुन्या लोकांचं काम किती सुंदर होतं" असं सांगितलं की मी आधी विचारतो: ते काम सोडायची त्यांना मुभा होती का? हा प्रश्न मातीच्या भांड्यांना, हातमागाला, बांबूच्या सुपाला लागू आहे, आणि रात्री दोनला पेजर वाजला की उठून सर्व्हर सावरणाऱ्या माझ्या टीममधल्या मुलीलाही. सांभाळणाऱ्याला मान द्यायचा असेल तर कौतुकाच्या आधी दोन गोष्टी द्याव्या लागतात: पुरेसं माप, आणि नको म्हणायची सोय.

काकांनी मागच्या महिन्यात तो ट्रंकेतला वस्तरा मला दाखवला. गंज चढलाय, पण पातं शाबूत आहे. मी म्हटलं, धार लावून देतो. ते म्हणाले, "नको रे. राहू दे तसाच." मी आग्रह केला नाही.